एक गंज राहू दे

सिंधूबाई, आज सकाळी मी उठलेच नाही.

डोळे उघडले होते. ते रोजच्यासारखे पहाटेच उघडले, त्यांना काय माहीत तू गेलीस म्हणून. पण उठून बसावं, केस बांधावे, सपरीत जाऊन शेगडी पेटवावी, यातलं काही झालं नाही. पंख्याकडे पाहत पडून राहिले. काल तुझी तेरवी झाली. तुझा प्रकाश बायको-पोरांना घेऊन संध्याकाळच्या गाडीनं हैदराबादला परत गेला. घराला कुलूप लावलं, किल्ली माझ्या हातात दिली, पाया पडला आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही आहात म्हणून काळजी नाही." कसली काळजी नाही रे बाबा, असं विचारायचं मनात आलं होतं. पण त्याचा चेहरा तुझ्यावर गेलाय, त्याला काही म्हणवत नाही.

दहाच्या सुमाराला पोचम आला. तोच, खाणीत टिप्पर चालवणारा, सिरोंचाकडचा. त्याला तू दोनदा तूप वाढायचीस आणि बाकीच्यांना दिसू नये म्हणून भाताखाली लपवायचीस. दारातूनच म्हणाला, "अक्का, कल से डब्बा चालू ना? बाहेरचं खाऊन खाऊन पोटाचा सत्यानाश झाला." मी म्हटलं, "हो, उद्यापासून चालू." असं कसं तोंडातून निघालं कोण जाणे. तो खूश झाला, सगळ्यांना सांगतो म्हणाला आणि गेला. आता उद्या सगळे पोट्टे डबे घेऊन दारात उभे राहणार. आणि मी इथं ओट्यावर बसून तुला हे लिहून राहिले, कारण उद्या मला उठता येईल असं काही वाटत नाही.

नाही उठले तर ते उपाशी थोडेच राहणार आहेत! राजुऱ्यात खानावळींना तोटा नाही. दुसरीकडे डबा लावतील, त्यांचं काही चूकही नाही. पण मग आपली खानावळ संपली. आणि ती संपली की तुझं-माझं म्हणावं असं या जगात काहीच उरत नाही. हे मला लख्ख दिसतं. दिसतं, आणि तरी हात हलत नाही.

तू असतीस तर हा कागद पाहून म्हणाली असतीस, "पाह्य वं बाप्पा, मंगला बोलते आपल्यावानी आन् लिहिते मास्तरनीवानी." मी बारावीपर्यंत शिकले, त्याचा सूड तू शेवटपर्यंत घेतलास.

तू मला पहिल्यांदा कसं उठवलं होतंस, आठवतं? माझे हे गेले तेव्हा मी अशीच पडून होते. बायका यायच्या, पदर डोळ्याला लावायच्या, "धीर धर, पोरीकडे पाहा" म्हणायच्या आणि चहा पिऊन जायच्या. तुझ्या-माझ्या घरात एकच भिंत, पण तोवर आपलं बोलणं म्हणजे नळ आला का आणि दोरीवरचे कपडे काढ, एवढंच. एक दिवस तू पिशवीभर वांगी घेऊन आलीस आणि सरळ माझ्या खाटेवर ओतलीस. खाटेवर!

"उठ वं. माहा हात लचकला. एवढे वांगे चिरून दे मले. खाणीतले पोट्टे जेवाले येऊन राह्यले आन् माह्यानं पावशीवर बसवत नाई."

मला असा राग आला! घरातलं माणूस गेलंय आणि या बाईला वांग्यांची पडली आहे. पण तुझं अडलं होतं, म्हणून उठले. पावशी घेतली, बसले, चिरली वांगी. संध्याकाळी मागच्या आंगणात पाहते तर तू त्याच हातानं बोअरवेलवरून भरलेली बादली झपाझप आणून राहिलीस.

"बाई, हात?"

"सुधारला."

"एवढ्यात?"

"तू वांगे बारीक चिरले न, त्याच्यानं."

दुसऱ्या दिवशी हात पुन्हा लचकला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. तुझा तो हात पुढे कितीतरी दिवस लचकत होता, आणि तो बरा व्हायच्या आत ती खानावळ दोघींची झाली. तुझं मागचं आंगण आणि माझं मागचं आंगण, मधल्या जागेवर टिनाची सपरी, तिथं दोन शेगड्या. खूप नंतर एकदा भात गाळता गाळता म्हणालीस, "आपल्यासाठी कोनी उठत नाई. दुसऱ्याचं अडलं का मानूस उठते. म्हनून मी तुले धीर नाई देल्ला, काम देल्लं."

आता कोणाचं अडलंय ते मला माहीत आहे. पोचमचं अडलंय, त्या पोट्ट्यांचं अडलंय. पण त्यांच्यातलं कोणी येऊन माझ्या खाटेवर वांगी ओतणार नाही.

आणि तुझा तो गंज. मायबाई, त्या गंजावरून आपण किती भांडलो! माझी पोरगी नागपूरला जाऊन त्याला पातेलं म्हणायला लागली, तू म्हणायचीस, पातेलं म्हटलं का त्याच्यात वरण कमी मावते. संध्याकाळची शेवटची पंगत उठली की दोघी भांडी घासायला बसायचो. सगळं घासून व्हायचं आणि वरणाचा एक गंज तू मुद्दाम तसाच सोडायचीस, तळाला पिवळं लागलेला, मोरीच्या कोपऱ्यात. मी हात घातला की माझं मनगट धरायचीस. "एक गंज राहू दे."

माझ्या सासूनं मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की खरकटं रात्रभर ठेवू नये, घरात अवदसा येते. हात फिरे तिथं लक्ष्मी शिरे. आणि आपला तर अन्नाचा धंदा. मी तुला हे सगळं ऐकवायचे आणि तू पाय लांब करून बसायचीस. "येऊ दे लक्ष्मीले. आली तं म्हनजो, बसा थोडं, गंज घासून घेतो."

"पन ठेवतं काऊन? एकच तं हाये. एका दमात होऊन जाते."

"म्हनूनच ठेवतो. सकाळी उठलं आन् समदं लखलखीत दिसलं का मले धडकी भरते. वाटते, आता निरा पह्यलेपासून सुरू करा लागन. गंज असला का सुरू करा लागत नाई, कालचंच पुरं करा लागते. सुरू करनं जड हाये मंगला, पुरं करनं हलकं. गंज घासता घासता हात गरम होते, मंग कनिक कधी मळली ते समजतच नाई."

मी म्हणायचे, हे सगळे आळशी माणसाचे बहाणे. पण पहाटे भिंतीपलीकडून तुझा खरखर आवाज यायचा, राखेनं घासायचीस तू, साबणावर तुझा विश्वासच नव्हता, आणि माझे पाय आपोआप खाटेखाली. एखाद्या दिवशी त्या आवाजानंही मी उठले नाही तर तू पोळ्या उलटायचा सराटा घेऊन भिंतीवर हाणायचीस. "मंगले, मेली का जिती?" मी आतून ओरडायचे, "जिती!" आपल्या दिवसाची आरती हीच.

ही खोड तुला आईकडून आली. तुझं माहेर एटापल्लीच्याही पलीकडे, जंगलात. लहानपणी आईबरोबर मोह वेचायला जायचीस तेव्हा ती दर झाडाखाली एक ओंजळ फुलं तशीच ठेवून यायची. तू विचारलंस तर म्हणाली, समदं झाडून-पुसून नेलं तर झाडाला वाटते ही आता परत येत नाही. जिथं परत यायचं आहे तिथं थोडं ठेवून यावं. तू हे सांगत होतीस तेव्हा मी कांदा चिरत होते, आणि हसले. म्हटलं, "झाडाले काय कळते वो बाई?" तू म्हणालीस, "झाडाले नसन कळत. पायाले कळते."

तुझ्या सगळ्या तऱ्हाच उफराट्या. मला उदास वाटलं की दुसऱ्या बायका समजूत काढतील, तू भांडण काढायचीस. शेगडी पेटायच्या आत सुरू. "कालची भाजी कोन केली वं? निरा खारट!" भाजी खारट नसायची. मी चिडायचे, तुझं सगळं उद्धारायचे, तुझं माहेर, तुझी राख, तुझा गंज, आणि त्या रागात परातभर कणिक मऊसूत मळून व्हायची. तू गुपचूप पोळ्या लाटायला घ्यायचीस. एकदा तू पोचमला सांगताना मी ऐकलं, "राग आला का कनिक चांगली मळल्या जाते." तेव्हा कुठे मला कळलं की इतकी वर्षं मी फुकटची चिडून राहिले. आणि बघ ना, सगळं कळूनही दुसऱ्या दिवशी तू "वरनात पानी जास्त झालं" म्हणालीस आणि मी पुन्हा चिडलेच.

तुझं स्वतःचं मन नसलं की मात्र तू भांडायची नाहीस. ट्रंक उघडायचीस. लग्नातलं ते हिरवं जरीचं पातळ काढून नेसायचीस आणि तशी धुरात, तेलात बसायचीस. पोट्टे विचारायचे, "काय बाई, कोनाचं लगन हाये?"

"माहं. कामासंगं. माह्या मनात नाई, पन घरच्याइनं जुळवलं."

सगळे जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसायचे. मी ओरडायचे की जरीवर फोडणी उडते आहे. तू म्हणायचीस, "मन नसलं तं मन लावू नये, हात लावावा. आन् हाताले लाज वाटावी म्हनून चांगलं नेसावं." ते पातळ परवा प्रकाशच्या बायकोनं पिशवीत घातलं, आठवण म्हणून. चांगली पोरगी आहे, तिचा हक्कच आहे. पण त्याच्या पदराला आपल्या फोडणीचे डाग आहेत, ते तिला नुसते डाग दिसतील. मला ते पाहिजे होतं, बाई. आणि पिशवी मीच तिच्या हातात दिली.

आणि तो मोबाईलमधला माणूस! पोरगी मला ते व्हिडिओ पाठवते ना, कोट घातलेला एक माणूस सांगतो, पहाटे उठा, आरशात पाहा, मी करू शकतो असं मोठ्यानं म्हणा, यश तुमचंच आहे. दुपारी ओट्यावर आपण दोघींनी पाहिला. तू फार लक्ष देऊन पाहिलास, शेवटपर्यंत. मग विचारलंस, "हा पहाटे उठून काय करते?"

मी म्हटलं, "हेच. व्हिडिओ."

"आन् याचा सैपाक कोन करते?"

मी हसून हसून आडवी झाले. तू हसली नव्हतीस, तुला खरंच जाणून घ्यायचं होतं. पण त्याची एक गोष्ट तू उचललीस, आरशाची. मोरीवरच्या फुटक्या आरशात पाहून रोज स्वतःला म्हणायचीस, "सिंधू, तू काई कामाची नाई. चाल, गंज घास." त्या बिचाऱ्यानं सांगितलं त्याच्या बरोबर उलटं. आणि कामं तर तुझी व्हायची.

आज मी तुझ्या सगळ्या युक्त्या करून पाहिल्या. आरशासमोर गेले. "मंगला, तू काही कामाची नाही," असं म्हटलं, तर ते खरंच वाटलं. तिथंच मोरीत बसून रडले. चांगलं पातळ नेसावं तर ट्रंकेचं झाकण उचलायचं त्राण नाही. मग भांडून पाहिलं. भिंतीकडे तोंड करून तुला शिव्या घातल्या, मोठ्यानं, "मेले, मला एकटीला टाकून गेलीस, तुला काय झालं होतं थांबायला!" पलीकडून काही उत्तर आलं नाही तर राग टिकेना. इतकी वर्षं मला वाटायचं की राग माझ्या अंगात आहे. तो तुझ्या उत्तरांवर चालत होता.

लोक मला विचारतात की दोघींनी इतकी वर्षं कसं निभावलं. मी काय सांगू? तुला पोळ्या लाटायचा कंटाळा नव्हता, मला होता. मला कांदा चिरायचा नव्हता, तुला होता. तू माझा कंटाळा करायचीस, मी तुझा. दुसऱ्याचा कंटाळा हलका लागतो, हे तूच शोधून काढलंस. आता दोन्ही कंटाळे माझ्या एकटीच्या गळ्यात आहेत आणि मला ते उचलवत नाहीत.

यंदा शिवरात्रीला मार्कंड्याला गेलो होतो. खानावळ बंद ठेवून जायचा आपला तेवढा एकच नेम. वैनगंगेत बुडी मारली, रेतीवर बसून घरचे मुरमुरे खाल्ले. तू देवळांच्या भिंतींवरच्या बायका पाहत फिरलीस, दरेकीची केशरचना वेगळी आहे म्हणून मला ओढून ओढून दाखवलंस. आणि नदीकडचं ते एक लहानसं देऊळ राहिलं. दरवर्षी तू तेच ठेवायचीस. मी म्हटलं, "चाल ना बाई, एवढं एक पाहून घेऊ, चार पावलांवर तं हाये." तू चपला घातल्या. "राहू दे. पुढच्या साली याले काई तं पायजे." घाट चढताना तू मधेच बसलीस, म्हणालीस उन्हाचं चढवत नाही. ऊन होतंच तसं.

आता मी त्या देवळाचं काय करू? एकटीनं जाऊन पाहिलं तर तुझं ठेवलेलं मी संपवते. नाही पाहिलं तर पुढच्या साली यायला कारण आहे, पण कोणासंगं येऊ? तुझं हे अर्धं ठेवणं मला कधी पटलं नाही बाई, आणि आज तर अजिबातच पटत नाही. अर्धं ठेवणाऱ्यानं परत यायचं असतं. तो नियमाचा दुसरा भाग होता. तू तो मोडलास.

पण खरं सांगायचं तर तू नियम मोडलाच नाहीस, आणि तेच माझ्या छातीवर बसलं आहे. छातीत दुखतं म्हणून चंद्रपूरच्या दवाखान्यात भरती व्हायचं ठरलं, प्रकाश आला, सकाळी गाडी करून निघायचं होतं. तू म्हणालीस, "बाटल्या-गिटल्या लावतीन आन् सोडतीन, दोन-चार दिवसात येतो." संध्याकाळी मी तुझ्यासाठी बिस्किटं आणि टॉवेल आणायला बाजारात गेले. परत येऊन पाहते तर सपरी झगमगून राहिलेली. सगळे गंज, पराती, झारे, तवासुद्धा, घासून पुसून पालथे घातलेले. मोरी कोरडी. कोपरा रिकामा. आणि तू ओट्यावर धापा टाकत बसलेली, कोपरापर्यंत राख.

मी काय केलं? मी टाळ्या वाजवल्या, बाई. इतक्या वर्षांचं भांडण मी जिंकले होते. "अगं बापा! आज सूर्य कुठी उगवला? आमची बाई सुधारली!"

"हो वं," तू म्हणालीस. "म्हटलं, एकडाव तुह्यं ऐकावं."

आणि हसलीस. त्या हसण्यात काय होतं ते मी रोज आठवून पाहते. मला काही सापडत नाही, फक्त तुझा दम लागलेला दिसतो. तुला ठाऊक होतं का? एवढंच सांग. का मला एकटीला सगळं ओढायचं आहे, म्हणून नुसता माझा भार कमी केलास? तुझ्या बाबतीत दोन्ही होऊ शकतं. मी या बाजूनं विचार करते, त्या बाजूनं करते, आणि कुठंच पोचत नाही. समज, मला तेव्हा कळलं असतं. कळून मी काय करणार होते? तुझ्या हातातून गंज हिसकून पुन्हा खरकटा करणार होते? त्यानं कोणाची छाती बरी होते का? नाही होत, मला माहीत आहे. मी काही भैताड नाही. तरी तुझ्या आईची ती मोहाच्या झाडाखालची ओंजळ माझ्या डोळ्यापुढून हलत नाही.

सकाळी गाडीत बसलीस तेव्हा काच खाली करून म्हणालीस, "लसूण सोलून ठेवजो." एवढंच. बाकी काही नाही. माझ्या मनात होतं की म्हणावं, बाई, तू नसतीस तर मी त्या खाटेवरच संपले असते. पण असं कोणी बोलतं का आपल्यात? मी म्हटलं, "लसूण तुह्यं काम हाये, येऊन सोलजो." तू हात हलवलास आणि गाडी गेली. मग मी लसूण सोलला, डबाभर. तो फ्रिजमध्ये तसाच आहे, पिवळा पडला.

काल तेरवीचा सैपाक आपल्याच गंजांत झाला. गल्लीतल्या बायकांनी मिळून भांडी घासायला घेतली, मला खुर्चीवर बसवलं. एकीनं वरणाचा मोठा गंज ओढला आणि मी ओरडलेच, "राहू दे तो!"

सगळ्यांचे हात थांबले. "अवं काकू, तेरवीचं खरकटं घरात ठेवत नाई. चांगलं नसते."

बरोबर होतं तिचं. तिच्या तोंडून माझी सासूच बोलत होती. पण मी उठून तो गंज घेतला, मोरीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला आणि त्याच्यासमोर उभी राहिले. त्या एकमेकींकडे पाहून निघून गेल्या. आता गल्लीभर झालं असेल की मंगला बयाड झाली. होऊ दे.

मला वाटलं होतं, गंज असला की सकाळी हात आपोआप जाईल. तू तर हेच सांगत आली होतीस. नाही गेला. फसली तुझी युक्ती. दिवसभर त्या मोरीकडे किती चकरा मारल्या आणि तशीच परत आले. या उन्हात वरण सुकून तळाला घट्ट बसलं, मुंग्या लागल्या. आणि दुपारी केव्हातरी लक्षात आलं की ही युक्ती कधी एकटीची नव्हतीच. तू घासायचीस, त्या आवाजानं मी उठायचे. मी चिडायचे, म्हणून तुला ठेवण्यात गोडी होती. इतकी वर्षं तुझ्या नावानं बोटं मोडली आणि रोज सकाळी तुझ्याच गंजावर उठले. गंज काय, कोणीही ठेवेल. सकाळी त्याला हात लावणारं माणूस मी कुठून आणू?

आता उन्हं उतरली आहेत. हे लिहिता लिहिता मी मधे एकदा उठले होते. गंज घासला नाही, तेवढं काही झालं नाही. फक्त मुंग्या झटकल्या आणि त्यात तांब्याभर पाणी ओतून आले. भिजू दे म्हटलं. एवढ्याशा कामानं दमले, भिंतीला टेकून उभी राहिले. तुझी भिंत. अजून दिवसभराच्या उन्हानं गरम आहे.

भिजलेला गंज सकाळी हलका निघतो, एवढं मला येतं. कणिक येते, भात येतो, डबे भरता येतात. पण उठवायचं काम तुझं होतं, ते तू मला कधी शिकवलं नाहीस. तुझा सराटा तुझ्या बाजूला खिळ्याला टांगलेला आहे, कुलपाच्या आत. किल्ली माझ्याकडे आहे, दार उघडायची हिंमत नाही. खाट तेवढी मी भिंतीला लावून घेतली आहे.

पहाटे माझे डोळे उघडतील, बाई. ते उघडतातच. मी पडून ऐकत राहीन. जास्त काही मागत नाही, तूप नको, भांडण नको, त्या देवळाचंही पाहू पुढं. एकदा विचार फक्त, मेली का जिती. जिती आहे म्हणून सांगायला तरी मी उठेन.